चौथी चिठ्ठी

मकरपुरा, बडोदे
१७ ऑक्टोबर १९९९

ती. कांचनताईस,

राजेश्वरीचा नमस्कार. घरी सगळे बरे आहेत. आबांचा खोकला थांबला. बाबा मार्चमध्ये कारखान्यातून निवृत्त होतील. हार्दिकभाईंनाही नमस्कार सांग.

तुझं पत्र मंगळवारी आलं. आईला वाचून दाखवलं. "दिवाळीला येते म्हणतेय का गं?" तिने दोनदा विचारलं. मी म्हटलं, "नक्की लिहिलं नाहीये."

लिहिलं होतंस. 'आईने नको म्हटलं होतं, ते तिने मागे घेतलं तरच येईन.' ती ओळ मी गाळली.

एम.ए.ला सध्या ग्रीक विचार शिकतेय. अथेन्समध्ये एखाद्याला शहराबाहेर घालवायचं तर लोक मत म्हणून खापराच्या तुकड्यावर त्याचं नाव कोरत. आरोप नाही, त्याची बाजू ऐकणं नाही. लिहिता येत नसेल तो दुसऱ्याकडून लिहून घेई. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, ती खापरं आता कशाला उकरायची?" वर्ग हसला. मी वही मिटली.

तू घरच्यांना न विचारता हार्दिकभाईंशी लग्न करून गेलीस त्या आठवड्यात बाबा म्हणाले, "तिला घरात घ्यायचं की नाही, युनियनसारखं चिठ्ठ्यांनी ठरवू." आबा, बाबा, भास्करकाका आणि आई. लिहिता येणाऱ्या आपण दोघीच. तू गेल्यावर मी उरले, तेरा वर्षांची. प्रत्येकाने माझ्या कानात सांगितलं. आई म्हणाली, "येऊ दे."

मी "नको" लिहिलं.

बाबा त्या दिवशी सकाळीच ओरडले होते, "शिकवून हेच होणार असेल तर धाकटीचीही शाळा बंद!" घरात तुझ्या बाजूचं कुणी दिसलं तर ते माझ्यावर शेकेल, असं वाटलं. युनियनच्या जयवंतरावांनी चिठ्ठ्या उघडून वाचल्या. चारही "नको". आईने माझ्याकडे पाहिलं. परक्या माणसासमोर ती गप्प बसली. नंतरही कधी बोलली नाही.

तीन "नको" खरेच होते. घर तुला बंदच झालं असतं. आई मात्र तुझी राहिली असती.

अथेन्सचा माणूस दहा वर्षांनी परतू शके, घरदार त्याचंच असे. हे मी पेपरात लिहिलं. सरांनी शेरा दिला, "उत्तम". तुलाही दहा वर्षं झाली.

आज रविवार, बाबा घरी आहेत. पाकीट बंद करण्याआधी हे सगळं त्यांच्यादेखत आईला वाचून दाखवणार आहे. पुढे काय होईल, ठाऊक नाही.

आईला यापुढे लिहिशील ते शेजारच्या पद्मावहिनींच्या नावे पाठव. त्या वाचून दाखवतील. माझ्यावर विसंबू नकोस.

राजेश्वरी