तेरावा रकाना

६ जानेवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आईने फोडलं, नेहमीसारखं, आणि मग मला वाचून दाखवलं. घरी येणारं प्रत्येक पत्र आपल्यालाच आलंय असं ती धरून चालते. तब्येत बरी आहे. गुडघे कुरकुरतात, ती त्यांना रागावते.

तुमच्या वाहिनीवरची ती दवाखान्याची मालिका आम्ही दर गुरुवारी बघतो, कारण तिच्या आधीची सूचना तू लिहितेस आणि आईला त्याचा अभिमान आहे. मला नाही. तो केसाळ डॉक्टर मास्क हनुवटीला अडकवून ऑपरेशन करतो. पेशंटची रेघ सरळ झाली की शॉक देतो; सरळ रेघेला शॉक देत नाहीत हे आमच्या पहिल्या वर्षाच्या मुलींनाही कळतं. आणि नर्स? ती दारात ट्रे धरून उभी. अठ्ठावीस वर्षांत मी अशी कधी उभी राहिले नाही. वेळच मिळाला नाही.

आणि या सगळ्याआधी तुझी ती काळी पाटी. रक्त, सुया, शस्त्रक्रिया, मृत्यू. संवेदनशील प्रेक्षकांनी जपून पाहावे. अगं, रक्त कसलं, सरबत आहे ते! आमच्या वॉर्डाच्या दारावर लाव बरं अशी पाटी. सकाळी ड्यूटीवर येणारी पोर ती वाचून घरी परत जाणार आहे का? ज्यांना सोफ्यावर बसून सरबत सोसत नाही, त्यांनी त्या वेळात कपाट आवरावं.

पाटी लागली की मी चहा टाकायला उठते आणि ती गेली की येते. तुझ्या खात्याचा मला झालेला उपयोग तेवढाच.

लोभ आहेच. त्याला सूचना लागत नाही.

तुझी ताई


१३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि एकटीच हसले. सरबताचं आमच्या साहेबांना सांगितलं, ते हसले नाहीत.

तुला वाटतं तितकं हे काम फुकाचं नाही. माझ्यासमोर एक फॉर्म असतो. बारा रकाने. रक्त, सुई, भाजणं, बाळंतपण, असे. भाग आधी बघायचा, खुणा करायच्या, त्यावरून दोन ओळी लिहायच्या. एका बाईंनी मागे कळवलं होतं की त्या दोन ओळींमुळे त्यांना वेळेवर उठून जाता आलं. त्यांचं मूल गेलं होतं. तू हसशील, पण मी ते पत्र जपून ठेवलंय.

या वेळी मात्र एका प्रसंगाला बारातला एकही रकाना लागू पडेना. मी तळाशी पेनाने तेरावा आखला. साहेबांशी दोन दिवस भांडून ती ओळ पाटीवर घ्यायला लावली. म्हणून तुला विनंती, या गुरुवारी चहा आधीच करून ठेव. सुरुवातीपासून बस. एवढं ऐक माझं.

आईला गुडघ्यांवर शेक घ्यायला सांग. लोभ वाढवावास असं माझ्यात काही नाही, पण आहे तो कमी करू नकोस.

तुझी बारकी


२० जानेवारी

बारकीस,

आशीर्वाद आज लिहीत नाही. हे पत्र वॉर्डातल्या टेबलावरून लिहितेय. उत्तरही इथल्याच पत्त्यावर पाठव.

मी चहा टाकायला उठले. तू उठू नको म्हणालीस म्हणून तर हटकून उठले. मला कुणी असं सांगितलेलं चालत नाही हे तुला चाळीस वर्षं माहीत आहे. कप घेऊन परत आले तेव्हा पडद्यावर एक नर्स होती. कॉटवर तिचे वडील. ऑपरेशनआधी तोंडाने काही द्यायचं नाही असा कागद पायथ्याशी लावलेला. वडील पाणी मागतात. ती नाही म्हणते. तीनदा मागतात, तीनदा नाही म्हणते. मग ते ऑपरेशनच्या टेबलावरच जातात आणि ती सगळ्या कॉरिडॉरभर रडत पळत सुटते.

मी पळाले नव्हते. बाबांना आत नेल्यावर शेजारच्या कॉटचं सलाईन बदललं होतं.

ही गोष्ट मी जगात एका माणसाला सांगितली, बारकी. अकरा वर्षांपूर्वी, तुझ्या स्वयंपाकघरात. ती तुमच्या त्या लेखकापर्यंत चालत गेली का?

माझं जाऊ दे. आईला मी सांगत आलेय की बाबा सकाळपासून गुंगीत होते, त्यांनी काही मागितलं नाही. तुझी पाटी मी वाचली नाही, पण तिने वाचली, ओट्यापासून मला दिसत होतं, ओठ हलवत, अक्षर न् अक्षर. नर्स वडिलांना पाणी नाकारते, असंच लिहिलं होतंस ना? त्यानंतर तिने पडद्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती. चार दिवस झाले, अर्ध्या पोळीवर उठते आणि काही विचारत नाही. विचारेल तेव्हा मी काय सांगू, तेही एका फॉर्मवर लिहून पाठव.

ताई


२३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न.

हो, मीच सांगितलं. कँटीनमध्ये. लेखक म्हणाला की नर्स कशा असतात ते त्याला ठाऊक नाही, काहीतरी खरं सांगा. तू पत्रांत ज्या ट्रेवाल्या बाईची टर उडवतेस तिच्याजागी त्याने तुझ्यासारखी कुणीतरी दाखवावी असं मला वाटलं. नाव सांगितलं नाही, पण ते सांगून मी सुटत नाही हे कळतं.

तो ती गोष्ट वापरील असं वाटलं नव्हतं. फॉर्म भरायला भाग समोर आला तेव्हा कळलं. घरी लिहिलं तर आई फोडणार. फोनवर तू बोलू देत नाहीस. मग वाटलं, पाटीवर लिहिलं की तुला आधी कळेल, तू उठून जाशील. अनोळखी लोकांना सावध करायची इतकी सवय झालीय, की बहिणीलाही त्याच वाटेने सांगायला गेले.

तो भाग पुन्हा दाखवू नये असं साहेबांना लेखी दिलंय. ते म्हणाले, नोकरीचा विचार कर. केला. मी येऊन आईला सांगू का, की ते सगळं लेखकाच्या डोक्यातलं आहे?

लोभ मागत नाही. उत्तर मागते.

बारकी


२७ जानेवारी

बारकीस,

वॉर्डाचा पत्ता तुला आधीही पाठ होता. एक पाकीट, एक तिकीट. पण तू लाखभर घरांत पाटी लावलीस. तुमच्या वाहिनीत राहून अक्कल अशीच होत असेल.

आईशी खोटं बोलायला येऊ नकोस. शनिवारी ती बोलली. मी तिचे गुडघे चोळत होते. म्हणाली, त्यांना पाणी मी दिलं होतं. पहाटे मी ड्यूटी घ्यायला टेबलाशी गेले, तेवढ्यात तिने अर्धा ग्लास पाजला. बाबांनी तिला शपथ घातली, की सिस्टरबाईंना कळू देऊ नको, ओरडतील. आणि त्याच पाण्याने ते गेले असं ती अकरा वर्षं धरून बसली होती. मी एक धरून, ती एक धरून, आणि आम्ही रोज एकाच टेबलावर जेवत होतो.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर नातेवाईक बघतात तशी ती माझ्याकडे बघत होती. मी सांगितलं, पोटातली रक्तवाहिनी फुटली, पाण्याचा काही संबंध नाही. खरंच आहे ते; कागद मी स्वतः वाचलाय. तिने पुन्हा सांगायला लावलं. मी चार वेळा सांगितलं. मग तिने विचारलं, तुझ्याकडेही मागितलं होतं का? मी म्हटलं, तीनदा, आणि मी दिलं नाही. ती म्हणाली, अर्धा ग्लास पिऊन वर पोरीलाही छळत होता, लबाड माणूस. मग दोघींना रडू आलं. कॉरिडॉर नव्हता म्हणून पळालो नाही.

यात तुमच्या मालिकेचं श्रेय काडीचं नाही, लेखकाला कळवू नकोस. नाहीतर पुढच्या भागात आईचे गुडघेही येतील. तो भाग पुन्हा लागो न लागो. ती नर्स तेव्हाही खोटीच रडेल.

तुला माफ केलं असं समजू नकोस. पण ये. तिच्या नवऱ्याची गोष्ट तू कँटीनमध्ये कुणाला वाढलीस, हे आईला अजून माहीत नाही. ते तू तुझ्या तोंडाने सांगायचं. ती काय म्हणेल, मला अंदाज नाही. मी तुझ्या शेजारी बसेन. तुझ्या बाजूने बोलेनच असं नाही, पण शेजारी बसेन.

तुझी ताई