दाराकडे तोंड केलेलं विमान

४ जानेवारी
सकाळी गावदेवीच्या देवळात गेलो. हात जोडले, आणि नंतर बराच वेळ छताकडे बघत उभा राहिलो. तिथे नवसाचे पाळणे टांगलेत. त्यांच्यात माझं लाकडी विमान. आमच्या सुजितला कॅनडाचा व्हिसा मिळाला तेव्हा फेडलेला नवस. तो ज्यातून गेला तेच — बोइंग ७७७. मीच कोरलं, मीच टांगलं. तोंड दाराकडे करून.
तुळशी काल अंथरुणातून म्हणाली, "अहो, आपण त्याचं जाणं मागितलं. येणं मागितलंच नाही."
डॉक्टरांनी तिला आता घरीच ठेवा म्हणून सांगितलंय.

७ जानेवारी
उल्हासनगरच्या मधुशेठचं काम घेतलं. त्याच्या तिकीट ऑफिसच्या काचेत बोइंगची सगळी विमानं मांडायची आहेत. "मिस्त्री, पूरा खानदान चाहिए. दादा से लेकर पोते तक!" फोटोंचं पुस्तक दिलं.
नाही म्हणणार होतो. पण हात चालू असले की डोकं गप्प बसतं.

१० जानेवारी
या कंपनीचा मालक मुळात लाकडाचा व्यापारी! १९१६ सालचं पहिलं विमान लाकडाचं, वरून कापड ताणलेलं, पाण्यावर उतरणारं. म्हणजे सुतारकामच. तुळशीला सांगितलं तर हसली. पुष्कळ दिवसांनी.

१५ जानेवारी
७०७ झालं. पंखांखाली चार इंजिनं. ७२७ ची तिन्ही शेपटाकडे. ७३७ सगळ्यांत जास्त खपलेलं, अजून बनतंय. ७५७ लांब, सडपातळ — बंद झालं. ७४७ चं कुबड कानशीने घासताना बोट सोललं. तेही बंद. पन्नासाहून जास्त वर्षं बनवलं, मग शेवटचं एक बाहेर काढलं आणि संपलं.
घासताना मनात आलं, बनवणारे तरी काय करतात? रंगवतात, दार उघडतात, सोडून देतात.

१८ जानेवारी
सुजितचा फोन. तुळशीला डोळा लागला होता, म्हणून अंगणात जाऊन बोललो. त्याच्या परमिटचे कागद अडकलेत. आता कॅनडा सोडला तर फाईल बंद, परत जाता येणार नाही. चार वर्षं फुकट. इथे येऊन काय करणार, तेही त्याला माहीत नाही.
"बाबा, तुम्ही सांगा. ये म्हणालात तर उद्या निघतो."
मी म्हटलं, बघतो. बघतो म्हणजे काय!
तुळशीला वाटतं, पोराला सुट्टी मिळत नाही. तेवढंच माहीत आहे तिला.

१९ जानेवारी
काही लिहावंसं वाटत नाही.

२१ जानेवारी
तुळशीचा एकच हट्ट — विमान फिरवा, तोंड देवीकडे करा. गुरव दौलतरावांना विचारलं. म्हणाले, "देवीला वाहिलेल्या वस्तूला पुन्हा हात लावायचा नसतो, मिस्त्री." मलाही लहानपणापासून तेच शिकवलेलं. मग तेच हळूच म्हणाले, "मी नारळ आणायला चाललोय. शिडी मागे आहे."
चढलो. फिरवलं.
तुळशीला सांगितलं. डोळे मिटून म्हणाली, "आता येईल." मला तिच्याकडे बघवेना.

२४ जानेवारी
शेवटचं ७८७. याचं अंग बरंचसं धाग्यांच्या कापडाचं, डिंकासारख्या रसायनात घट्ट केलेलं. कापडावरून निघाले, फिरून कापडावरच आले. माणसाला असं फिरून येता येत नाही.
तुळशी रोज गादीवरून दाराकडे बघते. गाडी थांबली की मान उचलते. अशा आशेवर तिला ठेवणं मला पाप वाटतं.

२६ जानेवारी
दुपारी सगळं सांगितलं. कागद, फाईल, त्याचा फोन. ती ऐकत राहिली. विचारलं, "म्हणजे तुम्ही बोलावलंत तर येईल?"
"येईल."
"आणि मग?"
मी चहाचा कप पुढे केला. तिने भिंतीकडे कूस वळवली. चहा तसाच निवला. दिवेलागणीला म्हणाली, "अहो, ते विमान होतं तसं करून या."

२७ जानेवारी
सकाळी पुन्हा शिडी लावली. तोंड दाराकडे केलं. दौलतराव खाली शिडी धरून उभे होते. देवळाच्या पायरीवरूनच सुजितला फोन लावला. येऊ नकोस म्हणालो.