परसबागेचा चार्ज

१ मार्च, सकाळ

काल ऑफिसने निरोप दिला, आज परसबागेचा चार्ज घेतला. एक दिवस वाया घालवला नाही. इतकी वर्षं बाग बायको बघत होती, म्हणजे हिला जमेल तशी. शिस्त शून्य. गुलाबाच्या बुडाशी पुदिना, पुदिन्यात मिरची, मिरचीच्या मध्येच एक तुळतुळीत दगड, का तर तो तिला आवडतो. चहा घेताना म्हटलं, आता तू आराम कर, बागेचं मी बघतो. ही काही बोलली नाही. कात्री आणि खुरपं माझ्यापुढे ठेवलं आणि आत गेली. भरून आलं की माणसाला बोलता येत नाही.

३ मार्च

गुरू सापडला. व्हिडिओतला टोपीवाला. इंग्रजी बोलतो, पण अगदी माझ्या मनातलं बोलतो. ‘मार्चमधली बागेची कामं’ या नावाचा त्याचा व्हिडिओ दोनदा पाहिला. सगळी झुडपं गुडघ्याएवढी छाटा, वाफे मोकळे करा, वर सुका पाला पसरा. दुपारपर्यंत गुलाब, जास्वंद, सगळे एका उंचीचे केले. दुरून पाहिलं तर परेडला उभे केल्यासारखे दिसतात. गुलाबाला कळ्या होत्या, पण नियम सगळ्यांना सारखा. हिने खिडकीतून विचारलं, सगळेच कापले का. म्हटलं, सरसकट.

४ मार्च

भिंतीलगतचा वाफा किती महिने रिकामा पडलाय. मी नव्हतो म्हणून चाललं. आज खणला. आत कांदे! टोपलीभर, माती लागलेले, काहींना तर कोंब आलेले. स्वयंपाकघरातला माल जमिनीत पुरून ठेवायचा ही काय पद्धत? हिला ओशाळं वाटेल म्हणून विषय काढला नाही. टोपली कचऱ्याच्या डब्यापाशी ठेवली. तासाभराने पाहिलं तर रिकामी. या गल्लीत कामसू माणसं दोनच, मी आणि कचरेवाला.

८ मार्च

लॉनचं बी पेरलं. नर्सरीवाल्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, पंधरवड्यात गालिचा. लॉनवर दोन खुर्च्या टाकायच्या. एक माझी, एक हिची. नोकरीच्या धबडग्यात आम्ही दोघं कधी निवांत बसलोच नाही. सकाळी सात पन्नासची बस आणि माझा चहा उभ्याउभ्या. आता रोज सकाळी हिरवळीवर चहा. हे सगळं त्यासाठीच चाललंय, पण हिला आधी सांगायचं नाही. बघतच राहील.

१२ मार्च

चिमण्या. सगळं बी. एक दाणा ठेवला नाही. याच अंगणात त्यांच्यासाठी बारा महिने पाण्याचं भांडं भरलेलं असतं. उपकाराची काही जाण? भांडं उचलून आत ठेवलं. संध्याकाळी ते पुन्हा जागेवर होतं, भरलेलं. घरातूनच फितुरी.

१५ मार्च

ही हल्ली रोज सकाळी शेजारी जाते. शेजारच्या बाई म्हणजे रिटायर झालेल्या गणिताच्या बाई. एकट्या राहतात, नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. ही जाऊन त्यांना शेक देते. माणुसकी आहे, चांगलंच आहे. पण चहाही तिकडेच होतो. आज मी एकट्याने घेतला. साखर कुठे असते ते कळायला वेळ लागला.

१९ मार्च

बाग मागे पडत होती म्हणून खत घातलं. पाकिटावर चमचाभर लिहिलंय. पण पाकिटवाल्याने माझी बाग पाहिलेली नाही, म्हणून मी मूठ मूठ घातलं. उरलीसुरली पानं पिवळी पडली, मग तपकिरी. नर्सरीवाल्याकडे तक्रार घेऊन गेलो. ज्याच्याकडून इतकं घेतलं, त्याने मला ओळख दाखवली नाही. वर विचारतो, चमचा नव्हता का घरात. केसाने गळा कापला मेल्याने.

२४ मार्च

संशयास्पद गोष्ट. बाईंची बाग, जिथे साधं गवत नव्हतं, तिथे भिंतीवरून हिरवं डोकावतंय. बाईंना धड उभं राहता येत नाही. म्हणजे माळी ठेवलाय, आणि तोही गुपचूप. इतक्या वर्षांचा शेजार, पण एका शब्दाने बोलल्या नाहीत. हिला विचारलं तर म्हणते, असेल कुणीतरी. हिची नखं काळी झालीत. शेकायच्या पिशवीचा रंग जात असावा. स्वस्तातली घेतली की असंच होतं.

ता. क. माझा निळ्या रेघांचा ऑफिसचा शर्ट सापडत नाही.

२ एप्रिल

आता हद्द झाली. भिंतीच्या पलीकडे, बरोब्बर माझ्या खणलेल्या वाफ्यासमोर, त्यांच्याकडे लिलीची रांग उभी. टपोऱ्या कळ्या. इकडे माझ्या वाफ्याला भेगा. यात काहीतरी शास्त्रीय भानगड आहे. भिंतीखालून त्यांची मुळं माझ्या जमिनीतला कस ओढून घेत असणार. बाईंना जाब विचारायचा होता, पण त्यांनी दारातूनच पेढ्यासारखा गोड आवाज काढून माझ्या तब्येतीची चौकशी केली. त्यामुळे राहिलं.

६ एप्रिल

लेकीचा फोन. मी तिला टोपीवाल्याबद्दल, वाफ्यातल्या कांद्यांबद्दल सांगितलं, व्हिडिओही पाठवला. थोड्या वेळाने तिचाच फोन, आणि हसू आवरेना. म्हणाली, “बाबा, तो पृथ्वीच्या खालच्या अर्ध्या भागात राहतो. तिकडे आता पानगळ चाललीय. तुम्ही भर वसंतात बाग झोपवलीत.” म्हणजे महिनाभर मी ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला, त्याने एकदाही सांगितलं नाही की तो उलट्या बाजूला उभा आहे. स्वेटर घालून बोलायचा, तेव्हा मला वाटलं, प्रकृती नाजूक असेल. मग लेक विचारायला लागली, वाफ्यातून जे कांदे काढलेत ते आईच्या लिलीचे कंद तर नव्हते ना. नेमकं तिथे नेटवर्क गेलं. म्हणजे मी फोन ठेवला.

९ एप्रिल

निर्णय. ज्याने बाईंच्या ओसाड जागेचं सोनं केलं, तो माळी फोडायचा. ऑफिसात मी दुसऱ्या डिपार्टमेंटची अशी कितीतरी चांगली माणसं आपल्याकडे ओढली. एकदा का माळी आला की हिच्या डोळ्यादेखत बाग उभी करतो. लॉनसाठी आणलेल्या खुर्च्या अजून बांधलेल्याच आहेत, कागदसुद्धा काढलेला नाही. उद्या ही शेक द्यायला गेली की लगेच.

१० एप्रिल, सकाळ

भिंतीशी स्टूल लावलं. चढलो. पलीकडे पाठमोरा माळी, गुडघ्यावर बसून रोपं लावतोय. डोक्याला फडकं, अंगात निळ्या रेघांचा शर्ट. माझाच! आधी वाटलं, चोर. पण गरज माझी होती, म्हणून राग गिळला आणि हलक्या आवाजात म्हणालो, “माळीदादा, तिथलं सोडा. आमच्याकडे या. जागा मोठी आहे, आणि कुणी डोक्यावर बसणार नाही.”

माळ्याने मान वळवली. ही.

मागे बाई खुर्चीत. समोर स्टुलावर चहाचे दोन कप. गुडघा चांगला दुमडून बसल्या होत्या. मी उतरलो.

१० एप्रिल, दुपार

विश्वासघात. दुसरा शब्द नाही. घरची बाग जळतेय आणि घरची बाई दुसऱ्याच्या अंगणात, माझ्या शर्टात, कचऱ्यातून उचललेले माझे कंद फुलवतेय! मुद्दे मनात नीट लावले. जेवायच्या आधी एकेक मांडले. मी हे सगळं कुणासाठी केलं, हेही सांगितलं. तुला आराम मिळावा म्हणून, दोघांनी हिरवळीवर बसावं म्हणून. ही हात धूत होती. नळ बंद केला आणि म्हणाली, “तुम्ही इतकी वर्षं ऑफिसात होतात. मी कधी येऊन तुमच्या खुर्चीत बसले का?”

मी म्हटलं, पंखा फार आवाज करतोय, बघायला हवा.

१४ एप्रिल

अबोला धरलाय. तीन दिवसांनी हिच्या लक्षात आलं.

सकाळी एकटाच बाहेर बसलो. जास्वंदीचे खुंट, खताचे पांढरे डाग, चिमण्यांची ये-जा. पलीकडून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. एकदा ही मोठ्याने हसली. असं हसते हे मला माहीत नव्हतं. म्हणजे लग्नाच्या सुरुवातीला असेल, पण तेव्हाही मी बसच्या गडबडीत असायचो. वाईट वाटलं. इथे लिहितो, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगायचं तर हिलाच सांगावं लागेल.

१८ एप्रिल

चार्ज परत द्यायचं ठरवलं. हरलो असं नाही. कामाचा ताण पाहता जबाबदारी अनुभवी व्यक्तीकडे सोपवावी आणि आपण सल्लागार म्हणून राहावं, असा प्रस्ताव मांडला. हिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, आत्ता जमणार नाही. बाईंच्या दोन वाफ्यांचं काम अर्धवट आहे. त्यानंतर कोपऱ्यावरच्या शिंप्याचं अंगण, त्याची बायको कधीची मागे लागलीय. मग बेकरीवाल्याची गच्ची. मग आपलं बघू. तोवर मी फक्त पाणी घालायचं, आणि तेही हिने सांगितलं तिथेच.

मी चाटच पडलो. विचारलं, घरच्या माणसाला काही सवलत?

“घरचे आहात म्हणून तर नंबर लावला,” म्हणाली.

म्हणजे माझा चौथा. पण मार्ग निघेल. बेकरीवाला चांगला ओळखीचा आहे, कितीतरी वर्षं पाव त्याच्याकडूनच घेतो. त्याच्याशी नंबर बदलून घ्यायचा. दोन शब्द गोड बोललो की झालं.

१९ एप्रिल

बेकरीवाला नाही म्हणाला. बाग बघणारं असं माणूस नशिबाने मिळतं म्हणे, तो नंबर सोडणार नाही. तिला नीट सांभाळा, असंही वर मलाच सांगितलं. पाव घेतला आणि परत आलो.