विहिरीवरची साय

३ फेब्रुवारी, सोमवार
दुपारी मोताळ्याला उतरले. पंजाबराव स्टँडवर मोटारसायकल घेऊन हजर! बरण्या, गाळणकागद, सूक्ष्मदर्शक सगळं मांडीवर सांभाळत त्यांच्या वावरातल्या घरी पोचले. आता दोन महिने मुक्काम इथंच. तापीच्या मुखाशी, समुद्राच्या गाळात आमच्या प्रयोगशाळेला काळ्या प्लास्टिकचे बारीक कण सापडले होते. इथं टरबुजाच्या वाफ्यांवर अंथरतात त्या मल्चिंगच्या प्लास्टिक कागदाचे असावेत. ते नळगंगेतून पूर्णेत आणि तिथून तापीत येतात का, हे मला शोधायचंय. पंजाबरावांच्या आई विमलबाईंनी गरम भाकरी न् ठेचा वाढला. पंजाबरावांची बायको प्रेरणा, सहावा महिना, सारखी हसत असते. विहिरीचं पाणी इतकं गोड की दोनदा मागून प्याले.

६ फेब्रुवारी
नदीबरोबर सहज विहिरीचंही पाणी गाळलं. गाळणकागद काळा झाला. कण मोजता येईनात. नदीत याचा दहावा हिस्साही नाही. मागच्या हंगामातला फाटका मल्चिंगचा कागद विहिरीच्या काठालाच पुरलेला आहे. प्रयोगशाळेत सरांना फोन केला, ते खूश झाले. अशी जागा पुन्हा मिळायची नाही, निदान महिनाभर तिथं काही हलवू देऊ नका, म्हणाले.
जेवताना विमलबाईंनी विचारलं, "पानी चांगलं हाय ना, मॅडम? सून दोन जिवाची हाय, म्हनून इचारलं."
चांगलं आहे, मी म्हणाले. त्यांनी माझ्या वरणावर आणखी तूप सोडलं.

११ फेब्रुवारी
मोताळ्याहून पाण्याच्या सीलबंद बाटल्या आणल्या. कपड्यांखाली लपवल्यात. दार लावून पिते. बाहेर प्रेरणा माठातलं पाणी पिताना ऐकू येते.

१७ फेब्रुवारी
प्रेरणाचा आवाज बसलाय. सर्दी असेल, असं मीच सांगितलं. सकाळी ती मोरीत खोकली आणि नखाएवढा काळा पापुद्रा पडला. मी चिमट्यानं उचलला, बरणीत ठेवला, चिठ्ठी लावली: नमुना ३१. ती बघत होती. मॅडम काहीतरी औषध शोधतील, असं तिला वाटलं असणार.
हे लिहितानाही मान वर होत नाही.

२० फेब्रुवारी
बरणीतला पापुद्रा तळहाताएवढा झालाय. झाकण घट्ट होतं. फुगतो, बसतो. ओट्यावर प्रेरणा धापा टाकत होती. तिच्या श्वासाबरोबर—
आज सांगणार होते. विमलबाईंनी माझ्यासाठी पुरणाचा घाट घातला होता. नाही सांगितलं.

२३ फेब्रुवारी
भर दुपारी विहिरीवर साय. काळी, सलग, काठाला चिकटलेली. बादली तिच्यावर थडकली, बुडाली नाही. साय वर येते, खाली जाते. प्रेरणाच्या छातीसारखी, तेवढ्याच वेगानं.
पंजाबराव विळा घेऊन उतरले. कापू नका म्हणायला तोंड उघडलं. आवाज नाही. पहिला घाव. ओट्यावर प्रेरणानं छाती धरली. दुसरा—

२४ फेब्रुवारी
प्रेरणा दवाखान्यात. शुद्ध नाही. पंजाबराव तिच्यापाशी. त्यांचा घरी फोन आला: डॉक्टर विचारतायत, काय खाल्लं, काय प्यालं. विमलबाई फोनवर म्हणाल्या, "पानी त मॅडमनं तपासलं हाय ना. चांगलं हाय." मी समोरच उभी होते.
घशात काहीतरी पसरतंय.
बोलता येत नाही.
वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं. पाणी पिऊ नका. मी खोटं बोलले. विमलबाईंनी वही हातात घेतली, उलटीच धरली. त्यांना वाचता येत नाही.
मी घसा दाखवला. त्यांना वाटलं तहान लागली.

त्यांनी तांब्या भरून आणला. मान हलवतेय. त्या डोक्यावरून हात फिरवतात. "लाजू नको, पोरी. घरचंच पानी हाय."
तांब्यात साय हलते— नको नको— ओठांना ला