अयुध्येनंतर थोनबुरी

अण्णा,

तुमची सून तुम्हाला हाका मारत होती. परवापर्यंत मारत होती. परवा दुपारपासून तेही थांबलं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली हे मला माहीत आहे, मीच तुम्हाला अग्नी दिला. तरी आज लिहायला बसलोय, कारण आपल्या घरात तिच्याशी बोलता येणारे तुम्ही एकटेच होतात, हे कळायला मला सत्तावीस दिवस लागले. इथे ओमानात, बौशरच्या हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर बाकावर बसलोय. भेटायला चारला सोडतात, आत्ता अडीच वाजलेत. लेकीच्या फिजिक्सच्या वहीची मागची पानं फाडून घेतली आहेत.

शुक्रवारची सकाळ होती, मला सुट्टी. ती ओट्याशी काकडी चिरत होती आणि मी मोबाईलवर बातम्या बघत होतो. ती तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. मी वर न बघता म्हणालो, "हिंदीत बोल ना गं, कळत नाही." ती पुन्हा तेच म्हणाली, जरा जड जिभेनं. मला वाटलं चेष्टा करतेय. मी आंघोळीला गेलो, अण्णा. चांगली सावकाश आंघोळ केली. बाहेर आलो तेव्हा ती फ्रिजला टेकून जमिनीवर बसली होती आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे असं बघत होती, जणू तो दुसऱ्या कुणाचा तिच्या मांडीवर येऊन पडलाय.

पक्षाघाताचा झटका होता. डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन विचारलं, पेशंटची मातृभाषा कोणती? मी म्हणालो, थाय. "मग थायमध्ये बोला तिच्याशी. सारखं बोलत राहा. नंतर शिकलेल्या भाषा गेल्यासारख्या दिसतात, पहिली थोडी उरली आहे. तीच धरून तिला बाहेर काढावं लागेल." मला येत नाही, म्हणालो. त्यांनी विचारलं, लग्नाला किती वर्षं झाली? वीस, म्हणालो. वीस वर्षांत मला आलेले थाय शब्द मी त्या कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या मोजले. भात, मासे, पाणी, तिखट, पुरे. असेच तीसेक. त्यात एकही असा नव्हता, की जो आजारी माणसाच्या उशाशी बसून म्हणावा.

तुम्हाला आठवतो का तो फोन? मी हॉटेलात एसीच्या कामावर होतो. किचनमधली कोल्ड रूम बंद पडली म्हणून गेलो, तर तिथे ही एका कलिंगडातून कमळ काढत बसलेली. बोटभर लांबीची सुरी, आणि एकही पाकळी तुटत नव्हती. पुढचं तुम्हाला मी कधी सांगितलं नाही आणि तुम्हीही विचारलं नाहीत. आई जाऊन वर्ष झालं होतं. मी इथल्या रुवीतून फोन केला आणि एका दमात सांगून टाकलं की लग्न करतोय, मुलगी थायलंडची आहे. तुम्ही म्हणालात, "म्हणजे सयाम. त्यांचे राजे कोण?" मला राग आला. मला वाटलं, कुळ विचारताय. मी फोन ठेवून दिला आणि तीन महिने केला नाही. तुम्ही खरोखरच राजे विचारत होतात हे मला मे महिन्यात गावी आल्यावर समजलं. चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला सून कुठली हे समजून घ्यायचं तर दुसरं काय विचारता येणार होतं?

पडवीत तुम्ही तिला समोरच्या खुर्चीत बसवलंत. तालुक्याच्या वाचनालयातून आणलेलं, पुठ्ठा निघालेलं एक इंग्रजी पुस्तक तुमच्या मांडीवर होतं. ती घाबरून माझ्याकडे बघत होती. तुम्ही चष्मा नीट केलात आणि वर्गात विचारावं तसं म्हणालात, "सुखोथाय." बस, एवढंच, सयामच्या पहिल्या राज्याचं नाव. तिचा चेहरा मी विसरणार नाही. परक्या गावच्या बाजारात कुणी माहेरच्या नावानं हाक मारावी, तसा झाला होता. तिनं हात जोडले आणि म्हणाली, "अयुत्थया." तुम्ही म्हणालात, "थोनबुरी." ती म्हणाली, "क्रुंगथेप," आणि तुम्हाला कळेना तेव्हा हसून म्हणाली, "बँकॉक, बँकॉक." मग पुढे बँकॉकचे राजे, पहिला राम, दुसरा राम, तिसरा राम, एक तुमचा एक तिचा, असं तुम्ही दोघं त्या दिवशी सगळ्या राजांपर्यंत जाऊन आलात. तुमचे उच्चार ती दुरुस्त करायची. तुम्ही, ज्यांना हेडमास्तरांनी टोकलेलंही खपायचं नाही, ते मान खाली घालून पुन्हा म्हणायचात.

ती तुम्हाला त्यांच्या रीतीनं मान देऊन 'खुन फॉ' म्हणायची, म्हणजे अहो बाबा. शेजारच्या काकू हादरल्या. "सून सासऱ्याला खून म्हणते हो!" त्यावर तुम्ही किती हसलात. आई गेल्यानंतर मी तुम्हाला हसताना पहिल्यांदा बघितलं ते तेव्हा. आणि लगेच मला ऐकवलंत, की सुखोथायच्या राजांना प्रजा बापच म्हणायची. राजानं वेशीला घंटा टांगलेली होती, म्हणे. कुणावर अन्याय झाला तर त्यानं ती वाजवायची, राजा स्वतः बाहेर येऊन ऐकायचा. पुढे अयुध्येत, म्हणजे तिच्या अयुत्थयात, राजा देव झाला. त्याच्याशी बोलायला वेगळी भाषा, त्याच्याकडे मान वर करून बघायचं नाही. "बापाचा देव झाला की राज्य मोठं होतं आणि माणूस लांब जातो," असं तुम्ही म्हणालात. मी तेव्हा आंबे मोजून पेटीत भरत होतो. मनात आलं, आपल्या घरात तर उलटं झालं. माझ्या लहानपणी तुम्ही देव होतात, मान वर करून तुमच्याकडे बघायची छाती नव्हती. बाप झालात ते या बाईसाठी. मला हेवा वाटला, अण्णा. म्हणूनही कदाचित मी ऐकलं नाही.

एकदा तुम्ही तिला तुमच्या त्या मोडक्या हिंदीत सांगत होतात, "हमारा पानिपत हुआ, छह साल बाद तुम्हारा अयुध्या जला." पानिपत तिला माहीत नव्हतं. पण अयुध्या जळली म्हणताच तिनं दोन्ही हातांनी ज्वाळा दाखवल्या. ब्रह्मदेशाच्या सैन्यानं शहर जाळलं, चारशे वर्षांचं राज्य राखेला मिळालं. नंतर दोघंही गप्प बसलात, दोघांच्याही घरचं कुणी गेल्यासारखे. थोड्या वेळानं तुम्ही मला म्हणालात, "थोनबुरी कुणी लक्षात ठेवत नाही. एकाच राजाचं राज्य, पंधरा वर्षांचं. त्या माणसानं राखेतनं देश उभा केला, शेवटी त्याचंच डोकं फिरलं म्हणून मारून टाकला. पण ते मधलं राज्य नसतं तर पुढचं बँकॉक कुठलं?" मी हो हो म्हणालो.

तुमचं शेवटचं रागावणंही तिच्यावरूनच. लेक चार वर्षांची होती, नीट बोलत नव्हती. इथल्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, घरात भाषा फार आहेत, कमी करा. मी काय करावं? इंग्रजी ठेवलं, हिंदी ठेवलं, थोडं मराठी ठेवलं आणि हिला सांगितलं, मुलीशी थाय बोलायचं नाही. ती बरं म्हणाली. तुम्हाला गावी आल्यावर कळलं. विहिरीपाशी मला गाठून, तिला ऐकू जाणार नाही अशा आवाजात तुम्ही म्हणालात, "गाढवा, तिची भाषा बंद केलीस? मग हिनं कुठली घंटा वाजवायची?" मी चिडून म्हणालो, तुम्हाला इथं बसून बोलायला काय जातं, मुलगी मला वाढवायचीय. तुम्ही कळशी उचलून निघून गेलात. त्यानंतर आपण जेमतेमच बोललो. ती मात्र दर शुक्रवारी तुम्हाला फोन करायची. तुमचा "सुखोथाय" मला टीव्हीच्या आवाजातून ऐकू यायचा. तुम्ही गेलात तेव्हा मी क्रियाकर्मात होतो, रडली ती.

आता इकडचं सांगतो. दहाव्या दिवसापासून ती थोडं बोलायला लागली. लेक सतरा वर्षांची आहे, बारावीत. माझ्या तोंडाकडे बघून विचारायची, "पप्पा, मम्मा काय म्हणते? तुम्हाला रिअली नाही समजत?" मी थाय बोलणारं माणूस शोधायला निघालो. मत्रहपासून रुवीपर्यंत बायकांच्या पार्लरांच्या दारात उभा राहून विचारत सुटलो, "कोई थाय लेडी है क्या?" पन्नाशीचा माणूस बायकांच्या पार्लरच्या दारात येऊन असं विचारतो तेव्हा लोकांना काय वाटतं, ते तुम्हीच समजा. एकीनं दार आपटलं. एकीनं पोलिसांना फोन लावते म्हणून सांगितलं. रुवीतल्या एका दारात मी हिचा हॉस्पिटलमधला फोटोच काढून पुढे धरला आणि मला रडू फुटलं. तेव्हा पडद्यामागून एक बाई हात पुसत बाहेर आली. फोटो बघून म्हणाली, "मेरा छुट्टी मंडे. आएगा."

ती आली. हिच्या कानाशी वाकून काही बोलली, हिचे डोळे भरले. हिनं अर्ध्या ओठांनी सावकाश म्हटलं, "सुखोथाय." मग म्हटलं, "अयुत्थया." आणि थांबली, दाराकडे बघत. पुन्हा पहिल्यापासून. ती बाई गोंधळून मला म्हणाली, "सर, ये तो स्कूल का हिस्ट्री है. बोलती है, फादर का टर्न है. फादर किधर?" मी थोनबुरी म्हणू शकलो असतो. तुम्ही मला ते सांगितलं होतं. पण त्या क्षणी मला आठवेना, अण्णा. अयुध्या जळाली हे आठवत होतं, पुढचं नाही. मी म्हणालो, "बोलो, फादर आ रहा है. गाँव से निकला है." लेकीनं माझा हात घट्ट धरला. "पप्पा, आजोबा तर..." मी तिला गप्प केलं.

त्या रात्रीपासून मी मोबाईलवर सगळं वाचलं. दुसऱ्या दिवशी ती अयुत्थयावर थांबली तेव्हा मी म्हणालो, "थोनबुरी." तिनं कपाळाला आठी घातली. माझा सूर चुकला होता. तिनं तो शब्द म्हणून दाखवला, मी पुन्हा म्हणालो, तिनं पुन्हा दाखवला. पाच वेळा. वीस वर्षांत तिनं मला शिकवलेला हा पहिला शब्द असेल, कारण मी पहिल्यांदाच शिकत होतो. आम्ही बँकॉकपर्यंत पोचलो. मग तिनं दाराकडे बघितलं आणि विचारलं, "खुन फॉ?" मी हातानं खूण केली, येताहेत. रोज विचारायची. रोज मी सांगायचो, व्हिसा व्हायचाय, विमान उशिरा आहे, उद्या. तिनं नर्सकडून केस विंचरून घेतले होते. तुम्ही याल म्हणून.

परवा दुपारी ताप चढला आणि ती झोपली ती उठलेली नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, मेंदूला पुन्हा सूज आहे, दोन दिवस बघू. ओमानी नर्स येता-जाता "इन्शाल्ला" म्हणते. मी कानाशी बसून चारही राज्यं म्हणतो, तुमचेही शब्द म्हणतो आणि तिचेही. एकट्यानं म्हणायला काही अर्थ नाही. मला माझं माणूस परत पाहिजे, अण्णा. बोललं नाही तरी चालेल, चुका काढल्या तरी पुरे. तुम्ही असतात तर तुमच्या पाया पडून म्हणालो असतो, मला त्या विहिरीपासचं सगळं माफ करा, फक्त एकदा या आणि तिला पुढचं नाव सांगा.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं? घडी करून खिशात ठेवीन. एक मात्र सांगायला हवं, लेकीलाही सांगितलेलं नाही. काल इथेच बसलो असताना लिफ्टचं दार उघडलं आणि पांढऱ्या शर्टातले एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत बाहेर आले. कुणाचे तरी वडील असतील. माझ्याकडे न बघता पलीकडच्या वॉर्डात गेले. तोवर मी उठून उभा राहिलो होतो, वर्गात तुम्ही आलात की राहायचो तसा, हात सरळ, आणि ते दिसेनासे झाल्यावरही मला खाली बसवेना.