गाळून दिलेल्या पाण्याबद्दल

मी, कुंडलिक गेनबा खुटवड, वय वर्षे शहात्तर, धंदा पंप-इंजिन दुरुस्ती, राहणार भाटघर, तालुका भोर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके जागेवर आहे, नजर चष्म्याने चालते, कोणी दटावलेले नाही. शाळा चौथीपर्यंत, पुढचे इंजिनांनी शिकवले. तेव्हा अक्षराला हसू नये.

एक. राहते घर व मागचे परडे माझी पत्नी फुलाबाई हिला, तिच्या माघारी मुलगा सोमनाथ याला. ती आहे तोवर तिची दारातली बसायची जागा सोमनाथने हलवू नये.

दोन. पान्यांची पेटी व इंजिन उचलायचा चेनब्लॉक सोमनाथला. बावीस नंबरचा पाना पेटीत मिळणार नाही. तो माझा धाकटा भाऊ सर्जेराव याच्याकडे अकरा वर्षे आहे. तो त्यालाच दिला. मात्र पाना माझा होता, एवढे त्याने माझ्या दहाव्याला चारचौघांत म्हणावे.

तीन. भिंतीवर चौकटीत एक छापील कागद आहे. तो कोणालाच देत नाही, उतरवून ठेवावा. कारण लिहितो, लिहिताना मान खाली आहे.

पुण्याच्या कॉलेजात मेकॅनिकल शिकवणाऱ्या प्राध्यापिका डॉ. नूतन कोठावळे दोन वर्षांमागे आमच्या झऱ्यावर आल्या. त्यांच्याकडे काडेपेटीएवढी काचेची पट्टी, तिच्यात केसाहून बारीक पाट खोदलेले. एका तोंडाने पाण्याचा थेंब जातो, दुसऱ्याने औषधाचा. दोन्ही पुढे एका वाफ्यात भेटतात आणि रंगावरून कळते, पाणी पिण्याजोगे आहे की नाही. मी जन्मभर पाणी उपसले, पण पाण्याशी इतक्या अदबीने वागणारे माणूस पहिल्यांदा पाहिले. आमच्या वस्तीत दर पावसाळ्यात लेकरांची पोटे बिघडतात, म्हणून ते काम आम्हाला हवेच होते.

दर सोमवारी झऱ्याची एक बाटली भोरच्या एसटीने पाठवायची, हे त्यांनी माझ्यावर सोपवले. म्हणाल्या, "नाना, पाणी जसं आहे तसंच भरा." मला वाटले, पाहुणा 'चहा नको' म्हणतो, त्यातलेच हे. परक्या माणसाच्या हातात गढूळ पाणी द्यायचे, ही रीत आमच्याकडे नाही. मी धोतराच्या चौपदरी फडक्यातून गाळले, घागरीत तुरटी फिरवली, वरचे नितळ तेवढे भरले. असे सतरा सोमवार. पट्टी सुरेख चालली. मॅडमनी लेख छापला, शेवटी आभारात माझे नाव घातले. तोच चौकटीतला कागद.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात त्यांनी ती पट्टी झऱ्यावरच बसवली. चहा पिऊन होईस्तोवर लाल पाण्याने सगळे पाट बुजले. वस्ती जमलेली. सर्जेराव म्हणाला, "बाई, तुमच्या पाटाला आमचं पानी सोसंना व्हय?" लोक हसले. मॅडम म्हणाल्या, "माझंच गणित चुकलं. तुमचा दिवस घेतला, माफ करा."

मी शेजारीच होतो. पाण्यातल्या टोकाच्या फूटव्हॉल्व्हला जाळी नसली की गाळाने पंप तुंबतो, हे पन्नास वर्षे लोकांना सांगत आलेला मी. माझ्या गाळलेल्या पाण्यावर बेतलेली पट्टी गाळाने तुंबली, हे त्या क्षणी कळले, आणि कबूल करायचे सोडून मी पट्टीवरचा चिखल पुसत राहिलो. एसटीत बसवायला गेलो, तर खिडकीतून त्याच माझी समजूत घालू लागल्या, नाना, वाईट वाटून घेऊ नका. त्या बोलण्याने जेवढे भाजले, तेवढे इंजिनाच्या सायलेन्सरने कधी भाजले नाही.

चार. माझी निळी वही डॉ. नूतन कोठावळे यांना. त्यात प्रत्येक सोमवारची तारीख आणि पुढे "लाल. गाळले. तुरटी." असे सवयीने लिहिलेले आहे. त्यावरून दिसेल की मॅडमचे गणित बरोबर होते, खोटे माझे पाणी होते. पट्टीच्या तोंडाशी जाळी हवी की पाट रुंद हवेत, ते त्या ठरवतील. घागर व फडकेही त्यांनाच. माझ्या दुकानाची खोली झऱ्याच्या कामासाठी त्यांना हवी तितकी वर्षे मोकळी ठेवावी, सोमनाथने कुलूप घालू नये.

इथवर लिहून फुलाबाईला वाचून दाखवले. तिलाही हे आजच कळले. तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "आन् तुमी मरायला आजून धा वर्सं लावली तर? त्या बाईनं तवर काय करायचं?"

दसऱ्याला मॅडमचा फोन होता. बोलता बोलता म्हणाल्या, दिवाळीनंतर ते काम बंद करते आहे, पट्ट्या मोडीत काढणार. तेव्हाही मी नुसते 'बरं' म्हणालो होतो.

पाच. म्हणून वही कलम चारमधून वगळली समजावी. ती माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. दुपारच्या एसटीने मी स्वतः घेऊन जात आहे. सोमनाथ बरोबर येतो म्हणाला, त्याला नको म्हटले. आज सोमवार. परतीच्या पावसाने झरा लालच आहे. सकाळी एक बाटली भरली. हात सवयीने फडक्याकडे गेला होता, तो मागे घेतला. तळाशी बोटभर गाळ बसला आहे. तशीच नेतो.

याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

सही: कुंडलिक गेनबा खुटवड

त्यांनी आमच्यासमोर सही केली, आम्ही त्यांच्यासमोर केली:
१. रतनबाई बबन शिळीमकर, शेजारी (डावा अंगठा)
२. धम्मदीप आनंदा रणखांबे, शिक्षक (शुद्धलेखन पाहिले, मजकुराला हात लावला नाही)

ठिकाण: भाटघर
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५