निळ्या पट्ट्याने निवडायचं

१७ ऑगस्ट, रविवार
मुक्ताला निळा पट्टा. कराटेच्या सरांनी सकाळी फोनवर पक्कं सांगितलं. माझा हिरवाच राहिला, हेही त्यांनीच सांगितलं, त्याच दमात. "तुमचा ठोसा पोचत नाही. गणपतीनंतर परत बघू."
दोन वर्षं बापलेक एकत्र जातोय. पांढरा, पिवळा, नारिंगी, हिरवा, सगळे बरोबरीने. अनघाने लेकीसाठी शिरा केला. मु.ने पहिला घास मला भरवला. गोड होता.

२० ऑगस्ट
रांग पट्ट्याप्रमाणे. मु. आता पुढे. अकरा वर्षांच्या पोरीची पाठ बघत व्यायाम केला. जोड्या लावताना वरच्या पट्ट्याने निवडायचं, खालच्याने मागायचं नाही, ही सरांची शिस्त. मु. वळली, सरळ माझ्याकडे आली, आणि शेजारच्या डॉ. सुर्व्यांसमोर वाकली. सुर्वेबाई दातांच्या डॉक्टर, पट्टा माझाच, हिरवा. मला बँकेतल्या जोश्यांनी घेतलं. उरलो होतो म्हणून.
स्कूटरवर विचारलंच.
"डॉक्टर मावशी का?"
"ती मारते."
"आणि मी?"
"तू थांबतोस, बाबा. नाकापुढे वीतभर. मग मी अडवू काय, वारा?"

२४ ऑगस्ट, रविवार
परत डॉक्टरच. मु.च्या हातावर बुधवारचा हिरवट-काळा डाग. शाळेत मैत्रिणींना दाखवून आली म्हणे. मी बाईंना हसत म्हटलं, जरा जपून. तर म्हणाल्या, "दुखेल म्हणून थांबले असते, तर रत्नागिरीत एक दाढ निघाली नसती हो!" सगळा वर्ग हसला. मीही.
ऑफिसात पेपरचं पान वेळेत सोडलं. एक मथळा उगाच खवचट झाला होता, बदलला.
या हवेत कराटेचे ड्रेस वाळत नाहीत. पंख्याखाली टाकलेत. तिचा आधी वाळतो. लहान आहे म्हणून, दुसरं काही नाही.

२८ ऑगस्ट, मालगुंड
दादाकडे गणपती. क्लास बंद. डॉक्टर त्यांच्या गावी, चिपळूणकडे. बरं वाटलं. इतकं बरं वाटायला नको होतं.
सकाळी मु.ला खळ्यात उभं केलं. वहिनी दारातून, "भावोजी, सणाचे ठोसे कसले मारताय? मोदक तरी खाऊ दे तिला." आम्ही चालूच. माझा हात नेहमीसारखा वीतभर आधी थांबत होता. चौथ्या-पाचव्या वेळी मु. पुटपुटली, "डॉक्टर मावशी असती तर..."
हात सुटला. खांद्याखाली लागला. पोर मागे मागे थेट तुळशीपर्यंत. डोळ्यांत पाणी.
दादा ओसरीवरून ओरडला, "मेल्या, पोरगी आहे ती, पोतं नव्हे!"
मु. परत जागेवर येऊन उभी राहिली. "परत."
मी परत मारला. वीतभर आधी थांबला. आपोआप.
"बघ!" म्हणाली आणि आरतीला आत निघून गेली.
तो एक ठोसा तिला नव्हताच मारला. कोणाला मारला ते...

३० ऑगस्ट
नवा करार. मी हळू मारणार, पण अंगाला टेकेपर्यंत न्यायचा. अगदी म्हशीच्या चालीने. मुंबईहून आलेले पुतणे बघून लोळताहेत. हळू मारतानाही हात थांबायला बघतो, तेव्हा मु. दटावते, "ये, ये, अजून ये." वासराला बोलवावं तशी.

१ सप्टेंबर
काल थोडा वेग. आज अजून. मग एकदा न ठरवता पूर्ण वेगाने गेला, थेट चेहऱ्यावर, आणि तिने अडवला. हाडावर हाड. माझं मनगट टम्म सुजलं. दोघंही खुळ्यासारखे हसत सुटलो. दादा म्हणाला, "दोघांनाही बापूस नाही, कान धरायला!"

३ सप्टेंबर
क्लास सुरू. आज जोड्या नाहीत, नुसते काता, एकेकट्याने करायच्या ठरलेल्या हालचाली. डॉक्टरांनी माझा हात धरून बघितला. "कशाने हो?"
"मुक्ताने."
"अरे वा." मग हात सोडत, "मला नाही कधी एवढं लागलं तिचं."
आवाज किंचित पडला. पडलाच. घरी येईपर्यंत तेच चघळत होतो. दिवस चांगला गेला.

६ सप्टेंबर, शनिवार
सरांचा निरोप. माझी फेरपरीक्षा उद्या. डॉक्टरांचीही उद्याच, मागच्या वेळी दवाखान्यामुळे त्यांची राहिली होती. जोडीदार निळ्या पट्ट्यांतून. म्हणजे जोशी नाहीतर मु.
अनघा म्हणाली, "सांगून ठेव ना तिला."
"मागायचं नसतं."
"अरे, तुझी मुलगी आहे."
"म्हणून तर."
संध्याकाळी मु. दोघांच्या ड्रेसना इस्त्री करत होती. वर न बघता म्हणाली, "बाबा, उद्या कोणीही समोर असलं तरी थांबायचं नाही हं."
कोणीही. इतकी वर्षं पुढाऱ्यांची उत्तरं टिपून घेतली, पण यातून बातमी काढता येत नाही.
उद्या साडेसहाला रांगा लागतील. मागच्या रांगेत मी आणि डॉक्टर, शेजारी-शेजारी. सर "जोड्या!" म्हणतील आणि मु. मागे वळेल.